चौथ्या आकड्यावरचा वारा

मोटारीला हीटर कशाला हवा, असे काल्हेरात कोणी विचारले तर त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही. खाडीकाठचे गाव, हवा बाराही महिने दमट. पेटीतून शाल काढावी अशा पहाटा वर्षातून हाताच्या बोटांवर मोजाव्यात. मोटारीतली हीटर नावाची व्यवस्था वाढली ती थंड मुलुखात. अमेरिकेतल्या नॅश कंपनीने १९३८ सालच्या आपल्या गाड्यांत बाहेरची ताजी हवा इंजिनाच्या गरम पाण्यावर तापवून पंख्याने आत सोडण्याची सोय केली, आणि हळूहळू ती सगळीकडे रूढ झाली. आपल्याकडे त्यातला तापवणारा भाग वर्षभर नुसता बसून असतो. पंखा मात्र तोच. उन्हाळ्यात एसीचा गारवा अंगावर ढकलायचा तो त्यानेच, आणि पावसाळ्यात काचेवर धरलेली वाफ घालवायची तीही त्यानेच. त्याला लहानथोर सगळेच ब्लोअर म्हणतात. या ब्लोअरने गेल्या पावसाळ्यात आम्हांला जे पाणी पाजले, त्याची ही हकीकत. ज्यांच्या दारात आठ-दहा वर्षांची गाडी उभी आहे, त्यांनी ती जरा मन लावून वाचावी.

ठाण्याहून जुन्या आग्रा रोडने भिवंडीकडे निघाले की बाळकुम मागे पडते, मग कशेळीचा खाडीपूल, आणि पूल उतरला की कशेळीला चिकटूनच काल्हेर. एके काळची भातशेती मागे हटली आणि तिच्या जागी गोदामे आली. गोदामांमागून कंटेनर आले. आणि ठाण्यात जागा घेणे आवाक्याबाहेर गेले तेव्हा आमच्यासारखी पांढरपेशी बिऱ्हाडेही आली. १८ डिसेंबर २०१८ रोजी ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी झाली, आणि त्यानंतरची कित्येक वर्षे या रस्त्याने खोदकामाची धूळ खाल्ली. ती धूळ आम्हीही खाल्ली आणि आमच्या गाडीनेही. धुळीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. तिचे काम पुढे आहे.

जुलै महिन्यातला शनिवार. नौपाड्यात एका बारशाला जाऊन रात्री दहाच्या सुमारास आम्ही परत निघालो होतो. पुढे मी आणि सौ., मागे माहेरपणाला आलेली मुलगी आणि तिचे पाच महिन्यांचे बाळ. आमच्या ब्लोअरचे दोनेक महिन्यांपासून एक तंत्र झाले होते. बटणावर चार आकडे. त्यांतले पहिले तीन मेले होते. एकवर ठेवा, दोनवर ठेवा, तीनवर ठेवा, हूं की चूं नाही. चारवर मात्र असा सुटायचा की जणू वावटळच गाडीत शिरली. आपण मध्यमवर्गीय माणसे अशा गोष्टींना फार लवकर सरावतो. नळ गळतो, त्याखाली बादली ठेवतो. दाराची कडी बसत नाही, दार जरा उचलून लावतो. तसे आम्ही चारवर दोन मिनिटे लावायचे आणि दोन मिनिटे बंद करायचे, असे व्रत चालवले होते.

त्या रात्री पाऊस मुसळधार होता. चारच्या आवाजाने बाळ दचकून उठले आणि रडू लागले, म्हणून सौ.ने ब्लोअर बंद केला. नेमके आम्ही पुलावर चढत होतो. चार जणांचे श्वास, ओल्या छत्र्या, बाहेरून पावसाने गार पडलेली काच. उकळत्या पातेल्यावरच्या ताटलीला आतून घाम यावा तशी ती काच पाहता पाहता पांढरी झाली. मी फडक्याने पुसली; पुसलेला डाग मागे ठेवून पुन्हा पांढरी झाली. दुसऱ्यांदा पुसायला हात उचलला आणि त्या पुसलेल्या पट्ट्यातून मला एका कंटेनरची मागची बाजू दिसली. तो उभाच होता आणि त्याचा एकही दिवा लागलेला नव्हता. ब्रेक लागला. गाडी थांबली तेव्हा मध्ये किती अंतर उरले होते ते मी उतरून मोजले नाही. घर येईपर्यंत कोणी एक अक्षर बोलले नाही. जिना चढताना मुलगी एवढेच म्हणाली, "बाबा, ते आधी नीट करून घ्या. तोवर मी बाळाला घेऊन या गाडीत बसायची नाही."

सोमवारी सकाळी गाडी गॅरेजात नेली. तिथल्या गृहस्थाने बटण फिरवले, मान हलवली आणि कागदावर आकडा लिहून दिला: ब्लोअरची मोटर गेली आहे, ती काढण्यासाठी सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागेल, साडेआठ हजार. आकडा पाहून मी विचार करतो म्हणालो. विचार करतो याचा अर्थ काय, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही.

आमच्या इमारतीत रेल्वेच्या कारशेडमधून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात. सगळी इमारत त्यांना आबा म्हणते. संध्याकाळी बाकावर त्यांना ही कथा सांगितली, तर ते हसायलाच लागले. "अहो, चारवर पळतो ना? मग मोटर मेली कशी? मेलेला माणूस कधी धावतो का? गेला असेल तो रेझिस्टर. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!" (हा शब्द सौ.ने प्रथम 'रजिस्टर' असा ऐकला आणि गाडीत हजेरीपट कशाला, म्हणून विचारले. पुढे मला कळले की रस्त्यावरचे निम्मे इलेक्ट्रिशियनही त्याला रजिस्टरच म्हणतात.)

रेझिस्टर म्हणजे काय ते आबांनी मला दोन उदाहरणांनी पटवले. पहिले घरातले. आपल्या लहानपणी छताच्या पंख्याला भिंतीवर एक जाड काळा डबा असे. रात्रभर पंखा एकवर चालला की सकाळी त्या डब्याला हात लावला तर तो कोमट लागायचा. आत तारेची वेटोळी. पंख्याचा वेग कमी करायचा म्हणजे विजेच्या वाटेत ही वेटोळी आडवी घालायची. पंख्याला वीज कमी मिळे, पण जी वाटेत अडली तिचा काही भाग उष्णता होऊन डब्यातून उडून जाई. हल्लीच्या रेग्युलेटरात हे उरले नाही, म्हणून ते गारही असतात आणि विजेचीही बचत करतात. मोटारीच्या बटणामागे मात्र तो काळा डबाच अजून बसलेला आहे, फक्त तळहातावर मावेल एवढा.

दुसरे उदाहरण त्यांच्या नोकरीतले, आणि ते सांगताना म्हातारबोवांचा चेहरा उजळला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदराहून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. त्या जातीच्या लोकलची मोटर एकदम पूर्ण विजेवर सोडता येत नसे. आधी सगळे रेझिस्टन्स मध्ये घालायचे, गाडी हलली की एकेक काढत जायचे. १९०७ ते १९६४ मुंबईत धावलेल्या विजेच्या ट्रामचा ड्रायव्हर दांडा टप्प्याटप्प्याने फिरवी, तोही हेच करीत असे. २०१६ च्या एप्रिलमध्ये हार्बर मार्गावरून शेवटची डीसी गाडी गेली, आणि मुंबईच्या लोकलपुरता तो अध्याय संपला. "तुमच्या गाडीत तो अजून चालू आहे," आबा म्हणाले. "चौथा आकडा म्हणजे बॅटरीपासून मोटरीपर्यंत सरळ रस्ता. तिसऱ्यावर एक वेटोळे आडवे, दुसऱ्यावर दोन, पहिल्यावर तिन्ही. आणि तिन्हींच्या तोंडाशी एक बारकी कडी असते, थर्मल फ्यूज. फार तापले की ती वितळते. ती तुटली की एक-दोन-तीन बंद. चारची वाटच निराळी, म्हणून तो शाबूत."

तारेतून वीज गेली की किती उष्णता निघते त्याचा नियम जूलने १८४० च्या सुमारास सांगितला: प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. हिशेब करून पाहा. दोन ओहमच्या वेटोळ्यातून चार अँपियर गेले तर बत्तीस वॅट होतात. आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातला सोल्डरिंगचा खिळा पंचवीस वॅटवर शिसे वितळवतो! एवढी धग प्लॅस्टिकच्या पेटीत कोण सहन करणार? म्हणून ही वेटोळी ब्लोअरच्या वाऱ्याच्या वाटेतच बसवतात. ज्या पंख्याला ती आवर घालतात, तोच पंखा त्यांना वारा घालतो. ही योजना ज्याला सुचली त्याचे मला अजून कौतुक वाटते.

उठता उठता आबा आणखी एक वाक्य बोलले: "नवा बसवाल, पण जुना का जळाला ते आधी बघा." मी ते ऐकले आणि विसरलो.

रविवारी सकाळी मी स्वतःच कामाला लागलो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हा रेझिस्टर डाव्या बाजूला, पुढच्या आसनासमोर जो सामान ठेवायचा कप्पा असतो त्याच्या मागे, ब्लोअरच्या पेटीला बाहेरून लावलेला असतो. प्रथम बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह तार सोडवली आणि पाच-दहा मिनिटे थांबलो. हे थांबणे कंटाळवाणे आहे, पण टाळू नये. त्याच कप्प्याच्या वर एअरबॅग असते, आणि पिवळ्या वेष्टणाची जी तार किंवा जो पिवळा कपलर दिसेल तो तिचा समजून त्याला बोटही लावू नये. मग कप्प्याच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो खाली लोंबतो. यापुढे मात्र योगासने सुरू होतात. पाय दाराबाहेर, पाठ पायपुसण्यावर, टॉर्च दातांत. साठीच्या माणसाला हे आसन शोभत नाही, असे सौ.चे मत पडले. चार-पाच तारांचा कपलर शिरलेली एक चपटी पट्टी दिसली, तोच आपला चोर. कपलरची खुंटी दाबून तो ओढला, दोन स्क्रू काढले. खालचा सहज निघतो. वरचा दिसत नाही, तो बोटांनी चाचपून काढावा लागतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला लोहचुंबक असले तर बरे, नाहीतर तो स्क्रू गालिच्याखाली जातो आणि अर्धा तास तिथेच राहतो. आमचा राहिला.

बाहेर काढलेल्या पट्टीवरची वेटोळी जागच्या जागी होती, पण थर्मल फ्यूजच्या जागी नुसता काळा ठिपका. मल्टीमीटर लावला. जिवंत रेझिस्टरच्या पिनांमध्ये एखाद-दोन ओहम, असा अगदी थोडा रोध दिसायला हवा. इथे काटा हलेचना. जुनी पट्टी खिशात टाकून ठाण्याला गेलो आणि तिच्यावरचा नंबर आणि पिनांची संख्या जुळवून नवी आणली, चारशे ऐंशी रुपयांना. दिसायला सारखी असलेली पट्टी आतून सारखी असतेच असे नाही, म्हणून जुनी सोबत नेणे चांगले. ज्या गाड्यांत तापमानाचा आकडा लावला की पंखा आपोआप कमी-जास्त होतो, त्यांत ही वेटोळी नसतात; तिथे एक इलेक्ट्रॉनिक भाग असतो, त्याची गोष्ट निराळी आणि किंमतही निराळी.

बसवली, बटण फिरवले: एक, दोन, तीन, चार! तिन्हीसांजेला मी गॅलरीत उभा राहून गॅरेजवाल्याचा साडेआठ हजारांचा कागद फाडला. सौ.ने शिरा केला.

नारळी पौर्णिमेच्या दिवशी, म्हणजे पुरते तीन आठवडेही झाले नव्हते, एक-दोन-तीन पुन्हा बंद. या खेपेला चारही जरा दमल्यासारखा वाटत होता.

आबांकडे जायचे तोंड नव्हते, पण गेलो. ते काही बोलले नाहीत, चपला घालून माझ्याबरोबर निघाले. हमरस्त्याला लागून पत्र्याच्या शेडमध्ये एक तरुण ऑटो इलेक्ट्रिशियन बसतो, गावातलाच पोरगा. त्याच्याकडे एक टेम्पोचालक आधीच उभा होता. त्याने सल्ला दिला, "काका, त्यो फ्यूज काढा नि तार टाका, जनमभर बघायला नको." पोरगा त्याच्यावर उखडला. "नि आग लागली तं? आत सगला पिल्यास्टिकच हाय." त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तो फ्यूज वितळतो म्हणून बाकीचे वितळत नाही. त्याच्या जागी तार टाकली की तापलेल्या वेटोळ्यासमोर प्लॅस्टिकची पेटी आणि वर्षानुवर्षांचा वाळका कचरा एवढेच उरते.

मग त्याने मला विचारले, "काका, कपलर बघितला का?" मी पाहिला नव्हता. त्याने तो उलटा करून दाखवला. एका पिनेभोवतीचे प्लॅस्टिक बदामी होऊन मऊ पडले होते. पीन ढिली झाली की सांध्यावरच धग धरते; असा कपलर ठेवून नवा रेझिस्टर लावणे म्हणजे उष्ट्या ताटात नवा वरणभात वाढणे. आणि नंतर तो खाली वाकला, तीन स्क्रू काढले आणि ब्लोअरची मोटर पंख्यासकट सरळ हातात घेऊन उभा राहिला. डॅशबोर्डला हातही न लावता!

मोटरीचा पंखा बोटाने फिरवून सोडला तर तो दोन-तीन फेरे घेऊन अलगद थांबायला हवा. आमचा जागच्या जागी थबकला. पेटीत वाळकी पाने होती, आणि मोटरीच्या अंगावर गंजाची एक रेघ. वायपरखालच्या जाळीत पाने साचतात, पाणी जायची भोके बुजतात, मग ते पाणी भलत्या वाटेने ब्लोअरवर ठिबकते. त्याच्या शेजारचा हवेचा फिल्टर काढला तर तो राखाडी रंगाचा गिलावाच झाला होता. पायाभरणीपासूनची सगळी मेट्रो त्यात होती.

"फिल्टर चोंदला म्हनून मोटरला लोड आला," पोरगा म्हणाला. इथे आबांनी त्याला थांबवले. "नाही रे बाळा. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर हात ठेव, आवाज चढतो की उतरतो?" चढतो. म्हणजे हवा अडली की पंख्याचे ओझे उलट कमीच होते. मोटर दमली ती गंजलेल्या बेअरिंगमुळे. फिल्टरचा गुन्हा वेगळा: त्याने वेटोळ्यांना मिळणारा वारा तोडला. एकाने धग वाढवली आणि दुसऱ्याने गारवा काढून घेतला, आणि मधल्यामधे रेझिस्टर जळाला. तीन आठवड्यांपूर्वी मी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि वर शिरा खाल्ला होता.

पोराला हे इतके पटले की त्याने स्वतःहून मोजून दाखवायचे ठरवले. त्याच्याकडे तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजायचा मीटर होता. नवा रेझिस्टर लावून, दोनच्या आकड्यावर, जुन्या मोटरीने नऊ अँपियर ओढले. मिनिटभरातच बंद करून नवी मोटर जोडली: सहा. प्रवाह दीडपट, म्हणजे जूलच्या नियमाने धग सव्वादोनपट. चारशे ऐंशी रुपयांची पट्टी तीन आठवडे तरी कशी टिकली, याचेच मग मला नवल वाटू लागले.

मोटर अठराशे पन्नास, रेझिस्टर पुन्हा चारशे ऐंशी, कपलर दीडशे, फिल्टर तीनशे, मजुरी पाचशे. गॅरेजवाल्यावर अन्याय नको म्हणून सांगतो: मोटर बदला, हे त्याचे म्हणणे शेवटी खरे ठरले. फक्त त्याला ते का, हे माहीत नव्हते, आणि डॅशबोर्ड उतरवायचे कारण मला अजूनही कळलेले नाही. फाडलेला कागद मात्र परत आणता येत नाही.

जाता जाता पोराने काचेचीही शिकवणी दिली. पावसात वाफ धरली की बाण काचेकडे, हवा बाहेरून घ्यायची, आतलीच फिरवायची नाही, आणि थंडी वाजली तरी एसी चालू. कारण एसी हवेतले पाणी काढून घेतो, आणि कोरडी हवा काचेवर लागली की वाफ उडते. गारठा वाटला तर त्यातच थोडा हीटर मिसळावा. काल्हेरात हीटर लागतो तो असा.

भाद्रपदात मुलीला आणि बाळाला सोडायला पुन्हा ठाण्याला निघालो. पाऊस होताच. आधी तिने पुढे वाकून स्वतः बटण फिरवून पाहिले, एक ते चार आणि पुन्हा मागे, आणि मगच बाळाला घेऊन बसली. पुलावर आलो तेव्हा काच आरपार स्वच्छ होती. समोरच्या कंटेनरचे दोन्ही दिवे, त्याच्या नंबरातली माती, सगळे दिसत होते. मी सवयीने हात बटणाकडे नेला.

"बाबा, एकवरच राहू द्या," मागून हळूच आवाज आला. "झोपलाय तो."